तापणारे अवकाश : प्रा. पद्मनाभन यांचा गुरुत्वाकर्षण-विचार

वसंत ऋतूत व्याख्यानास येणारा पुणेकर उकाडा सोसूनच येतो. हातातल्या कार्यक्रमपत्रिकेचा पंखा करीत तो विषय ऐकतो आणि घरी जाऊन माठातले गार पाणी पितो. अशा श्रोत्याला उष्णता म्हणजे काय हे निराळे सांगण्याची गरज नाही, असे प्रथमदर्शनी वाटेल. तथापि उष्णता ही वस्तू जितकी परिचयाची तितकीच फसवी आहे. तिच्यावर आगगाड्या चालल्या, गिरण्या चालल्या, पण ती मुळात काय आहे याविषयी दीडशे वर्षांपूर्वी थोर शास्त्रज्ञांतही एकमत नव्हते. प्रस्तुत लेखात आम्ही ज्या संशोधनाची ओळख करून देणार आहोत त्याचे मूळ या उष्णतेतच आहे. हवा तापते, पाणी तापते, लोखंड तापते. पण जिच्यात काहीच नाही अशी रिकामी जागा, म्हणजे खुद्द अवकाश, तापू शकेल काय? आणि तापत असेल, तर त्यावरून आपण काय समजावयाचे?

हा प्रश्न ज्यांनी आयुष्यातील वीस वर्षे चिकाटीने धरून ठेवला, ते प्रा. थाणु पद्मनाभन १९९२ पासून २०२१ मध्ये निधन होईपर्यंत आपल्या शहरातच काम करीत होते. गणेशखिंडीच्या विद्यापीठ-परिसरातील 'आयुका' ही संस्था पुष्कळांनी पाहिली असेल. चार्ल्स कोरिया यांनी योजलेल्या त्या वास्तूच्या कुंडात न्यूटन, आइन्स्टाइन, गॅलिलिओ आणि आर्यभट यांचे पुतळे आहेत. त्यांपैकी न्यूटन आणि आइन्स्टाइन या दोघांनी गुरुत्वाकर्षणाची दोन निरनिराळी चित्रे जगाला दिली. न्यूटनने सांगितले की गुरुत्वाकर्षण हे बल आहे. आइन्स्टाइनने १९१५ मध्ये सांगितले की ते बल नसून अवकाश आणि काल यांची वक्रता आहे. पद्मनाभन यांचे म्हणणे असे की ही वक्रता हीसुद्धा मूळ वस्तू नव्हे. वाऱ्याची झुळूक जशी असंख्य रेणूंच्या हालचालीतून उद्भवते, तसे गुरुत्वाकर्षण अवकाशाच्या असंख्य सूक्ष्म घटकांतून उद्भवते. हे म्हणणे खरे की खोटे याचा निकाल अद्याप लागलेला नाही. परंतु ते कोणत्या पायऱ्यांनी तेथवर पोचले, हे समजून घेण्यासारखे आहे. आणि त्या पायऱ्या सामान्य माणसाला चढता येणार नाहीत इतक्या उंच नाहीत.

न दिसणाऱ्यांची गणती

पहिली पायरी माठाची. माठातील पाणी झिरपते, वाफ होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार होते. हे सांगताना आपण सहज रेणूंची भाषा वापरतो : चपळ रेणू उडून गेले, मंद रेणू मागे राहिले. पण नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला पाणी हे एकसंध दिसते. एकोणिसाव्या शतकात उष्मागतिकीचे नियम बसविले गेले ते रेणूंना न विचारताच. दिलेली उष्णता काही अंशी पदार्थाची अंतर्गत ऊर्जा वाढविते आणि काही अंशी दाबाच्या द्वारे काम करते, हा पहिला नियम. एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचे माप, आपोआप कमी होत नाही, हा दुसरा. वाफेच्या एंजिनाला एवढे ज्ञान पुरत असे.

व्हिएन्नाच्या लुडविग बोल्ट्झमन यांस एवढ्याने समाधान झाले नाही. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : एखादा पदार्थ तापतो याचाच अर्थ, दिलेली ऊर्जा तो कोठेतरी साठवून ठेवतो, साठवायची तर आत कप्पे हवेत, हे कप्पे म्हणजेच त्याचे सूक्ष्म घटक. पदार्थ एकसंध असता तर त्याला तापमान हा गुण असण्याचे कारणच नव्हते. यापुढची गोष्ट अधिक नवलाची. प्रत्येक कप्प्यात सरासरीने सारखाच वाटा पडतो आणि तो वाटा तापमानावर ठरतो, असे गणिताने निघते. मग एकूण ऊर्जेला या वाट्याने भागले की कप्प्यांची संख्या हाती येते. पंगतीत किती लाडू संपले आणि प्रत्येकाला किती वाढले एवढे समजले, की पंगत न पाहताही जेवणारे मोजता येतात, तसाच हा हिशेब. अणू कोणी पाहिला नव्हता, पण त्याची शिरगणती करण्याची युक्ती मिळाली होती.

त्या काळी माख आणि ओस्टवाल्ड यांच्यासारखे नामवंत अणूंचे अस्तित्व मानावयास तयार नव्हते. बोल्ट्झमन यांनी १९०६ मध्ये आत्महत्या केली. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये द्रवात तरंगणाऱ्या कणांच्या थरथरीचे गणित मांडले आणि पुढे दोनचार वर्षांतच पेरँ यांच्या प्रयोगांनी अणूंवर शिक्कामोर्तब केले. बोल्ट्झमन यांना तो दिवस पाहता आला नाही. ही हकीकत आम्ही विस्ताराने सांगितली याचे कारण, पद्मनाभन आपल्या लेखांतून आणि व्याख्यानांतून बोल्ट्झमन यांच्या याच युक्तिवादाकडे पुनःपुन्हा वळत असत. जे तापते त्याला सूक्ष्मरचना असते, हे त्यांच्या विचाराचे जणू बीजवाक्य होते.

चहाचा पेला आणि कृष्णविवर

दुसरी पायरी कृष्णविवराची. मराठी वाचकाला हा शब्द अनोळखी नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या नावाच्या कथेला पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप असे होते आणि ते नाव उलट्या क्रमाच्या आद्याक्षरांनी धारण करणारे गृहस्थ प्रत्यक्षात डॉ. जयंत विष्णु नारळीकर होते, हे पुढे सर्वांना कळले. कोणतीही वस्तू पुरेशी दाबली की तिच्या पृष्ठावरून प्रकाशही सुटू शकत नाही. सूर्याची त्रिज्या आज सुमारे ७ लाख किलोमीटर आहे. ती ३ किलोमीटरवर आणता आली तर सूर्याचे कृष्णविवर होईल. पृथ्वीच्या बाबतीत ही त्रिज्या ९ मिलिमीटर, म्हणजे साधारण एका शेंगदाण्याएवढी. या मर्यादेच्या गोलाला घटना-क्षितिज म्हणतात. समुद्रावरील क्षितिजापलीकडचे जहाज जसे दिसत नाही, तसे या क्षितिजाच्या आतील काहीही बाहेरच्यास दिसत नाही. भेद इतकाच की जहाज परत येऊ शकते.

सुमारे १९७१ च्या सुमारास प्रिन्स्टन येथील जॉन व्हीलर यांनी आपला विद्यार्थी जेकब बेकेनस्टाइन याच्यापुढे एक गमतीचा पेच ठेवला. गरम चहाचा पेला थंड पेल्याशेजारी ठेवला की दोन्ही कोमट होतात आणि विश्वातील एन्ट्रॉपी वाढते. हा एक प्रकारचा अपराधच. पण ते दोन्ही पेले कृष्णविवरात टाकून दिले तर अपराधाचा पुरावाच नाहीसा होतो. मग एन्ट्रॉपी कमी होत नाही या नियमाचे काय झाले? विद्यार्थ्याने हा विनोद गंभीरपणे घेतला. त्याच सुमारास स्टीफन हॉकिंग यांनी सिद्ध केले होते की कृष्णविवराच्या क्षितिजाचे क्षेत्रफळ कधी कमी होत नाही. बेकेनस्टाइन यांनी म्हटले, हे क्षेत्रफळ हीच कृष्णविवराची एन्ट्रॉपी. पेले आत पडले की क्षितिज वाढते आणि हिशेब पुरा होतो.

खुद्द हॉकिंग यांस हे मान्य झाले नाही. एन्ट्रॉपी असेल तर तापमान असले पाहिजे, तापमान असेल तर उत्सर्जन असले पाहिजे, आणि कृष्णविवर तर काहीच बाहेर सोडीत नाही, असा त्यांचा रास्त आक्षेप होता. तो आक्षेप तपासण्यासाठी त्यांनी पुंजयांत्रिकीचे नियम कृष्णविवराच्या परिसरास लावले आणि १९७४ मध्ये त्यांना आढळले की कृष्णविवर खरोखरच तापलेल्या वस्तूप्रमाणे उत्सर्जन करते. खंडन करावयास निघालेला माणूस मंडन करून परतला. हे तापमान अत्यल्प आहे : सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या सुमारे १ कोटी ६० लाखाव्या भागाएवढे. पण अल्प म्हणजे शून्य नव्हे. आणि एन्ट्रॉपी मात्र अफाट आहे. सूर्याची एन्ट्रॉपी नैसर्गिक एककांत सुमारे १ वर ५८ शून्ये एवढी. त्याचेच कृष्णविवर झाले तर ती सुमारे १ वर ७७ शून्ये एवढी होते.

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एखाद्या ग्रंथालयात किती पुस्तके मावतील हे दालनाच्या घनफळावर अवलंबून असते. कृष्णविवराची एन्ट्रॉपी मात्र दालनाच्या घनफळावर नसून भिंतींच्या क्षेत्रफळावर अवलंबून आहे. जणू सगळी पुस्तके भिंतींवरच लिहिलेली आहेत. हे असे का, हा प्रश्न पन्नास वर्षे पदार्थविज्ञानाला सतावीत आहे.

रिकाम्या जागेचे तापमान

कृष्णविवर ही तर दूरची आणि अपूर्व वस्तू. ती तापते म्हणून सर्वच अवकाश तापते असे कसे म्हणता येईल? तिसरी पायरी या शंकेचे उत्तर देते. पॉल डेव्हीस यांनी १९७५ मध्ये आणि विल्यम उन्रू यांनी १९७६ मध्ये दाखविले की क्षितिज असण्यासाठी कृष्णविवर असावेच लागते असे नाही. समजा, एक यान रिकाम्या अवकाशात सतत वेग वाढवीत चालले आहे. त्याच्या मागे पुरेशा अंतरावरून निघालेला प्रकाशकिरण त्याला कधीच गाठू शकत नाही. म्हणजे त्या प्रवाशाच्या मागे एक क्षितिज तयार झाले. त्यापलीकडची वार्ता त्याला कधी कळणार नाही. आणि जेथे क्षितिज तेथे तापमान. स्थिर माणसाला जी जागा रिकामी आणि थंड, तीच त्वरणाने जाणाऱ्या माणसाला किंचित कोमट भासते. किती किंचित? एक अंश तापमान जाणवण्यासाठी पृथ्वीवरील गुरुत्वीय त्वरणाच्या अडीचावर एकोणीस शून्ये नव्हे, तर साधारण २.५ ला १ वर १९ शून्ये या संख्येने गुणून येणारी पट त्वरण लागेल. तेव्हा हा उकाडा अंगाने जाणवण्याची भीती नाही. पण तत्त्व म्हणून त्याचे मोल मोठे आहे. कारण अवकाशाच्या कोणत्याही बिंदूजवळून असा कल्पित प्रवासी नेता येतो. म्हणजेच अवकाशाचा प्रत्येक कण कोणाच्या तरी दृष्टीने तापलेला आहे. जे तापते त्याला सूक्ष्मरचना असते हे बीजवाक्य आता येथे लावून पाहावे. मग कृष्णविवरालाच नव्हे, तर आपल्या आणि या पानाच्या मधल्या रिकाम्या जागेलाही 'अणू' असले पाहिजेत.

तिरुवनंतपुरम ते गणेशखिंड

येथे पद्मनाभन यांचे कार्य सुरू होते, म्हणून त्यांच्याविषयी थोडे. जन्म १० मार्च १९५७ चा, तिरुवनंतपुरमचा. तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजात बी.एस्सी.चे विद्यार्थी असतानाच, वयाच्या विसाव्या वर्षी, सामान्य सापेक्षतेवरील त्यांचा पहिला संशोधनलेख प्रसिद्ध झाला. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. नारळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. मिळविली आणि गुरुशिष्यांनी मिळून १९८६ मध्ये गुरुत्वाकर्षण आणि पुंजविश्वरचना यांवर एक ग्रंथही लिहिला. नारळीकरांनी १९८८ साली आयुका उभी करण्यास घेतली. पद्मनाभन १९९२ मध्ये तेथे आले आणि कायमचे पुण्याचे झाले.

या परंपरेचा एक धागा आणखी मागे जातो. डॉ. नारळीकरांचे वडील, कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर, बनारस हिंदु विश्वविद्यालयात सापेक्षता शिकवीत आणि त्यांच्याच हाताखाली प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ च्या सुमारास उत्सर्जन करणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाचे समीकरण सोडविले. ज्या काळी आपल्या देशात या विषयाची पुस्तके मिळणे दुरापास्त होते, त्या काळी हे रोप लावले गेले. संगीतात आपण घराणे मानतो; विज्ञानातही घराणी असतात, ती मोजण्याची आपल्याला सवय नाही एवढेच.

पद्मनाभन यांनी अडीचशेहून अधिक संशोधनलेख लिहिले, तीन खंडांत खगोलभौतिकीचा ग्रंथ लिहिला, गुरुत्वाकर्षणावर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला बृहद्ग्रंथ लिहिला. शिवाय पदार्थविज्ञानाचा इतिहास चित्रकथेच्या रूपाने मुलांसाठी मांडला आणि पत्नी वासंती यांच्यासह विज्ञानाच्या उदयाविषयी २०१९ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. १९९६ चे भटनागर पारितोषिक आणि २००७ ची पद्मश्री हे मानही त्यांना लाभले. असो. मानसन्मानांची यादी लांबविण्यापेक्षा कामाकडे वळणे बरे.

समीकरणात दडलेले एंजिन

अमेरिकेतील टेड जेकबसन यांनी १९९५ मध्ये एक धाडसी विचार मांडला होता : क्षितिजाची एन्ट्रॉपी क्षेत्रफळाइतकी आहे असे गृहीत धरून उष्मागतिकीचा नियम सर्वत्र लावला, तर त्यातून आइन्स्टाइनची समीकरणे बाहेर पडतात. पद्मनाभन यांनी २००२ मध्ये उलट दिशेने वाट काढली. त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणे जशीच्या तशी घेतली, गोलाकार क्षितिजावर ती लिहिली आणि ते क्षितिज रेसभर बाहेर सरकविले तर काय होते ते पाहिले. समीकरणाचे तीन भाग पडले. एका भागात क्षितिजाचे तापमान आणि एन्ट्रॉपीतील वाढ यांचा गुणाकार दिसला. दुसरा भाग ऊर्जेतील वाढीचा निघाला. तिसरा भाग दाब आणि घनफळातील वाढ यांच्या गुणाकाराचा निघाला. म्हणजे काय? दिलेली उष्णता बरोबर ऊर्जेतील वाढ अधिक दाबाने केलेले काम, हा वाफेच्या एंजिनाचा पहिला नियमच समोर उभा राहिला.

यातील मर्म लक्षात घ्यावे. आइन्स्टाइनने १९१५ मध्ये समीकरणे लिहिली तेव्हा त्यांत उष्णतेचा शब्दही नव्हता. वक्रता होती, वस्तुमान होते, भूमिती होती. त्या भूमितीत एंजिनाचा नियम कोणी घातला? एखाद्या घराच्या जुन्या कागदपत्रांत, कोणी कधी न सांगितलेल्या नात्याचा उल्लेख सापडावा, तसा हा प्रकार. पुढे दाऊद कोठावाला आणि सुदिप्त सरकार यांच्यासह त्यांनी फिरणाऱ्या कृष्णविवरांसाठी, आणि असीम परांजपे व सरकार यांच्यासह आइन्स्टाइनच्या सिद्धांताहून अधिक व्यापक अशा सिद्धांतांसाठीही हेच नाते दाखवून दिले. त्या व्यापक सिद्धांतांत एन्ट्रॉपी क्षेत्रफळाएवढी नसते, तिचे सूत्र निराळे असते; तरी नियम टिकतो. योगायोग एकदा घडतो. जागोजागी तोच योगायोग घडू लागला की त्यामागे कारण शोधावे लागते.

कारण त्यांच्या मते एकच. वायूचा दाब आणि तापमान यांची समीकरणे जशी रेणूंच्या अफाट संख्येची सरासरी सांगतात, तशी आइन्स्टाइनची समीकरणे अवकाशाच्या अणूंची सरासरी सांगतात. आणि सरासरीच असेल, तर बोल्ट्झमन यांची शिरगणतीही करता आली पाहिजे. २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी ती केली. कृष्णविवराची एकूण ऊर्जा घ्या, ती एका कप्प्याच्या वाट्याने, म्हणजे त्याच्या तापमानावरून ठरणाऱ्या अर्ध्या भागाने, भागा. जो आकडा येतो तो क्षितिजाच्या क्षेत्रफळाइतका असतो, मात्र ते क्षेत्रफळ निसर्गाच्या सर्वांत लहान चौरसात मोजले पाहिजे. या चौरसाची बाजू म्हणजे प्लँक-लांबी : एका मीटरचे १ वर ३५ शून्ये इतके भाग करून त्यांतील साधारण दीड भाग. अशा प्रत्येक चौरसास एक कप्पा. कागदावर दोन ओळींत होणारा हा भागाकार आहे, पण त्याने पंगतीतील जेवणारे मोजून दिले.

मग काय बिघडते?

सुज्ञ वाचक विचारील, गुरुत्वाकर्षण मूळचे असो की उद्भवलेले, झाडावरचे फळ खालीच पडणार. मग या वादात पणास लागले आहे ते काय? पुष्कळ काही. गेली नव्वद वर्षे जगातील उत्तमोत्तम बुद्धी गुरुत्वाकर्षण आणि पुंजयांत्रिकी यांचा मेळ घालण्यात खर्ची पडत आहे आणि मेळ पुरता बसलेला नाही. यांतील बहुतेक प्रयत्नांत आइन्स्टाइनच्या वक्रतेलाच पुंजयांत्रिकीचे नियम लावले जातात. पद्मनाभन यांचे म्हणणे बरोबर असेल, तर हे प्रयत्न रबराच्या लवचिकतेला पुंजनियम लावून रबराचे रेणू शोधण्यासारखे आहेत. त्यातून रबराच्या कंपनांविषयी काही कळेल, रेणू हाती लागणार नाहीत. म्हणजे प्रश्न उत्तराचा नसून, आपण योग्य दारावर थाप मारीत आहोत की नाही याचा आहे.

दुसरी गोष्ट विश्वाच्या प्रसरणाची. विश्वाचे प्रसरण मंद होत नसून वेगाने वाढत आहे असे १९९८ मध्ये निरीक्षणांनी दिसले. याचे सर्वांत सरळ स्पष्टीकरण म्हणजे रिकाम्या अवकाशालाच थोडी ऊर्जा आहे. पण ती पुंजयांत्रिकीने मोजू गेले तर उत्तर निरीक्षणाहून १ वर १२० शून्ये इतक्या पटीने मोठे येते. हिशेबातील याहून मोठी चूक पदार्थविज्ञानाच्या इतिहासात नाही. पद्मनाभन यांनी असे निदान केले की दोष ऊर्जा कोठून मोजावयाची या शून्यबिंदूत आहे. पर्वतीची उंची पायथ्यापासून मोजा वा समुद्रसपाटीपासून, चढणाऱ्याला पायऱ्या तितक्याच लागतात. इतर सर्व निसर्गनियम असेच आहेत, त्यांना फक्त ऊर्जेतील फरक कळतो. एकटे गुरुत्वाकर्षण, आइन्स्टाइनच्या मांडणीत, शून्यबिंदू हलविला की हलते. उष्णतेच्या भाषेत ते नव्याने मांडले की हा दोष जातो, असे त्यांनी दाखविले. मग प्रत्यक्ष दिसणारी अत्यल्प ऊर्जा कोठून येते, याचे उत्तर त्यांनी आपली कन्या हंसा, ज्या स्वतः विश्वरचनाशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्यासह विश्वातून मिळू शकणाऱ्या एकूण माहितीच्या मर्यादेवरून काढण्याचा प्रयत्न केला.

आक्षेप

एकाच बाजूने बोलणे व्याख्यानमालेच्या परंपरेस शोभणारे नाही. या विचारावर आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. पहिला असा की, बोल्ट्झमन यांच्यामागून पेरँ आले; येथे पेरँ अद्याप आलेले नाहीत. अवकाशाचे अणू कशाचे, त्यांचे नियम कोणते, हे पद्मनाभन यांची मांडणी सांगत नाही. ती फक्त ते असावेत असे सुचविते. दुसरा आक्षेप : क्षितिजावर समीकरणांना उष्मागतिकीचे रूप येते एवढ्यावरून ती मूळचीच उष्मागतिकीची आहेत असे ठरत नाही, वेषावरून माणूस ओळखण्यातला धोका येथेही आहे. तिसरा : एकाला जी जागा उष्ण तीच दुसऱ्याला थंड, मग ही उष्णता खरी कोणाची? यावर पद्मनाभन यांचे उत्तर निर्भय होते. ते म्हणत की वेग जसा पाहणाऱ्यावर अवलंबून आहे हे आपण पचविले, तशी उष्णताही पाहणाऱ्यावर अवलंबून आहे हे पचविले पाहिजे. विश्वातील एकूण माहितीवरून काढलेला आकडाही सर्वांना पटलेला नाही. पण २००८ मध्ये त्यांच्या या विषयावरील निबंधाला अमेरिकेतील ग्रॅव्हिटी रिसर्च फाउंडेशनचे प्रथम पारितोषिक मिळाले, ते मतभेद असणाऱ्यांनीही या विचाराची दखल घेतली याचे गमक होय.

निरीक्षणाच्या बाजूने मात्र पाऊल पुढे पडत आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी अमेरिकेतील 'लायगो' उपकरणांनी प्रथम टिपल्या. गोंगाटातून असा क्षीण सूर वेगळा काढण्याच्या गणिती पद्धतीवर आयुकातच प्रा. संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ पासून पायाभूत काम केले होते. १४ जानेवारी २०२५ रोजी टिपलेल्या अशाच एका मीलनात, आधीच्या दोन क्षितिजांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होते, आणि नंतरच्या एका क्षितिजाचे सुमारे ४ लाख चौरस किलोमीटर भरले. क्षेत्रफळ कमी होत नाही हा १९७१ चा नियम, ज्यातून चहाच्या पेल्याचा हिशेब पुरा झाला, तो आता आकाशात मोजला गेला आहे. असेच एक उपकरण हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. ज्योतिर्लिंगाच्या गावी कृष्णविवरांची चाहूल लागावी, हा योग मराठी माणसाला आवडेल असाच आहे.

प्रा. पद्मनाभन हे पाहावयास राहिले नाहीत. १७ सप्टेंबर २०२१ रोजी पुण्यात, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे गुरू डॉ. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. एक मोठा प्रश्न अर्धा सोडवून ठेवून माणूस निघून गेला, आणि उरलेला अर्धा भाग सोडविता येईल की नाही, किंबहुना तो प्रश्नच बरोबर होता की नाही, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. बोल्ट्झमन यांच्या शेवटच्या दिवसांतही अणूंविषयी नेमकी हीच स्थिती होती.

आयुकात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने होत आली आहेत. तेथे बसलेल्या एखाद्या मुलाला वा मुलीला कदाचित हा अर्धा प्रश्न पुढे न्यावयाचा असेल. आपण वडीलधाऱ्यांनी इतकेच करावे : यातून काय फायदा, असे त्यांना लगेच विचारू नये. उष्णता म्हणजे काय हे विचारणाऱ्यांनाही एके काळी लोक हेच विचारीत असत. आज रात्री घरी जाऊन माठातले गार पाणी पिताना, ते गार का झाले याचे जे उत्तर आपण सहज देतो, त्यासाठी कोणीतरी न दिसणाऱ्या गोष्टींवर आपले सारे आयुष्य लावले होते, एवढे स्मरण राहिले तरी पुरे.